परिचारिका शिक्षणाची दारे खुली करणाऱ्या मेरी महोनी

महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली आपला ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतील गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या सज्जनांना अर्पण केला. तेव्हा त्या देशात गुलामगिरी कायद्याने संपून आठ वर्षे झाली होती. पण बेड्या तुटल्या म्हणून शिक्षणाची दारे आपोआप उघडत नाहीत, हे आपल्या समाजाला वेगळे सांगायला नको. त्याच काळात बॉस्टन शहरातील एका रुग्णालयात एक कृष्णवर्णीय तरुणी स्वयंपाक करीत होती, कपडे धूत होती, झाडलोट करीत होती. मेरी एलिझा महोनी हे तिचे नाव. पुढे तीच अमेरिकेतील पहिली प्रशिक्षित कृष्णवर्णीय परिचारिका झाली. चळवळीतील तरुणांनी तिचे चरित्र जरूर वाचावे, असे आम्हाला वाटते.

मेरी यांचा जन्म १८४५ सालचा. आई-वडील गुलामगिरीतून मुक्त होऊन नॉर्थ कॅरोलिनातून उत्तरेकडे आलेले. १८५५ साली मॅसॅच्युसेट्स राज्याने शाळांमधील वर्णभेद कायद्याने बंद केला आणि मेरी यांना गोऱ्या मुलांबरोबर एकाच वर्गात शिकता आले. परिचारिका व्हायचे त्यांनी लहान वयातच ठरवले होते. मात्र कृष्णवर्णीय मुलीला प्रशिक्षण देणारी संस्था कुठेच नव्हती.

बॉस्टनमध्ये डॉ. मारी झाकशेव्स्का यांनी १८६२ साली स्त्रिया व बालकांसाठी ‘न्यू इंग्लंड हॉस्पिटल’ सुरू केले होते. तेथील डॉक्टर स्त्रियाच होत्या. मेरी यांनी या रुग्णालयात सुमारे पंधरा वर्षे मिळेल ते काम केले. १८७२ साली तिथेच परिचारिका प्रशिक्षणाचा अभ्यासक्रम सुरू झाला आणि १८७८ साली, वयाच्या तेहतिसाव्या वर्षी, मेरी यांना प्रवेश मिळाला. अभ्यासक्रम सोळा महिन्यांचा होता. पहाटे साडेपाचला सुरू झालेला दिवस रात्री साडेनऊला संपायचा. औषधोपचार, शस्त्रक्रिया, बाळंतपण अशा सर्व विभागांत काम, शिवाय व्याख्याने. सोबत प्रवेश घेतलेल्या बहुतेक मुली मध्येच गळाल्या. शेवटपर्यंत टिकलेल्या मोजक्या मुलींपैकी एक मेरी होत्या. १८७९ साली त्यांना प्रमाणपत्र मिळाले.

पुढची अनेक वर्षे त्यांनी श्रीमंत गोऱ्या कुटुंबांत खासगी परिचारिका म्हणून सेवा केली. त्या काळी परिचारिकेला घरकामाची बाई समजण्याची रीत होती. मेरी यांनी आपल्या कामाच्या बळावर व्यावसायिक परिचारिकेचा मान मिळवला. दूरच्या राज्यांतूनही त्यांना बोलावणी येत.

एवढ्यावर थांबल्या असत्या, तर एका कर्तबगार स्त्रीची यशोगाथा म्हणून ही हकिकत संपली असती. मेरी थांबल्या नाहीत. परिचारिकांच्या राष्ट्रीय संघटनेत कृष्णवर्णीयांना फारसे स्थान नव्हते. अनेक प्रशिक्षण शाळा त्यांना प्रवेशच देत नव्हत्या. म्हणून १९०८ साली मार्था फ्रँकलिन यांच्या पुढाकाराने कृष्णवर्णीय पदवीधर परिचारिकांची स्वतंत्र राष्ट्रीय संघटना उभी राहिली. मेरी महोनी आणि अ‍ॅडा थॉम्स या तिच्या खंबीर पाठीराख्या होत्या. १९०९ साली बॉस्टनला भरलेल्या पहिल्या अधिवेशनात स्वागताचे भाषण मेरी यांनी केले. त्यात त्यांनी परिचारिका शिक्षणातील विषमतेवर बोट ठेवले. ज्या रुग्णालयाने त्यांना घडवले, तिथेही कृष्णवर्णीय मुलींना अधिक प्रवेश मिळावेत, ही मागणी त्यांनी लावून धरली. संस्थेबद्दल कृतज्ञता बाळगूनही तिला जाब विचारता येतो, हे यातून शिकण्यासारखे आहे.

१९२० साली अमेरिकेतील स्त्रियांना मताधिकार मिळाला. तेव्हा पंचाहत्तरीच्या मेरी मतदार नोंदणी करणाऱ्या बॉस्टनमधील पहिल्या स्त्रियांमध्ये होत्या. ४ जानेवारी १९२६ रोजी त्यांचे निधन झाले.

१९३६ साली संघटनेने त्यांच्या नावाने पुरस्कार सुरू केला. परिचारिका क्षेत्रात सर्वांना समान संधी मिळावी म्हणून झटणाऱ्यांना तो दिला जातो. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्याने कृष्णवर्णीय परिचारिकांवर घातलेली मर्यादा याच संघटनेच्या लढ्यामुळे १९४५ साली उठली. १९५१ साली ती राष्ट्रीय संघटनेत विलीन झाली, पण पुरस्कार आजही सुरू आहे.

रुग्णसेवेचे मोल आपल्याला नवीन नाही. १८९७ च्या प्लेगमध्ये रुग्णांची सेवा करतानाच सावित्रीमाईंनी प्राण ठेवला. आज आपल्या वस्त्यांतील कितीतरी मुली जीएनएम आणि बीएस्सी नर्सिंगला प्रवेश घेतात. प्रवेश मिळाला की आपण सत्कार करतो, फोटो टाकतो. पण शिष्यवृत्ती रखडली, वसतिगृह मिळाले नाही, इंग्रजी पुस्तकांनी घाम फोडला, की त्या मुलीजवळ कोण असते? प्रत्येक विहारातील युवक मंडळाने आपल्या भागातील नर्सिंगच्या विद्यार्थिनींची यादी करावी, त्यांचे अर्ज कुठे अडलेत ते पाहावे आणि नोकरी करणाऱ्या परिचारिका-भगिनींना त्यांच्याशी जोडून द्यावे, असे आमचे आवाहन आहे. शिकून पुढे गेलेल्या भगिनींनीही मागून येणाऱ्यांचा हात धरावा. मेरी महोनी यांना तेच खरे अभिवादन ठरेल.