शहरे जाळणारा एअर मार्शल

२९ डिसेंबर १९४० ची रात्र. जर्मन विमानांनी टाकलेल्या आगलाव्या बॉम्बमुळे लंडनचा जुना भाग पेटला होता. त्या ज्वाळांच्या समुद्रात सेंट पॉल कॅथेड्रलचा घुमट तेवढा उभा दिसत होता. हवाई खात्याच्या इमारतीच्या गच्चीवरून एक धिप्पाड, लालसर मिशांचा अधिकारी हे दृश्य पाहत होता. त्याने खाली जाऊन आपले वरिष्ठ, हवाई दलप्रमुख चार्ल्स पोर्टल यांनाही वर बोलावून आणले. आपल्या मनात सूडाची भावना आली ती आयुष्यात त्या एकाच वेळी, असे या अधिकाऱ्याने पुढे आत्मकथनात लिहून ठेवले. त्यानंतर जर्मनीतील डझनावारी शहरे त्याच्या आदेशाने भस्मसात झाली. त्यामागे सूड नव्हता, केवळ युद्धाचे गणित होते, हा त्याचा दावा शेवटपर्यंत कायम राहिला. या अधिकाऱ्याचे नाव आर्थर ट्रॅव्हर्स हॅरिस. वृत्तपत्रांसाठी ते ‘बॉम्बर हॅरिस’ होते, तर त्यांच्याच वैमानिकांमध्ये ‘बुच’, म्हणजे खाटीक, या नावाने ओळखले जात.

हॅरिस यांचा जन्म १३ एप्रिल १८९२ रोजी इंग्लंडमधील चेल्टनहॅम येथे झाला. वडील हिंदुस्थानात सरकारी सेवेत होते आणि मायदेशी रजेवर आले असताना हा मुलगा जन्मला. साम्राज्याच्या चाकरीतील कुटुंबांच्या रिवाजाप्रमाणे आईवडील हिंदुस्थानात आणि मूल इंग्लंडमधील वसतिगृहात, असे त्यांचे बालपण गेले. सुट्ट्याही परक्यांच्या घरी काढाव्या लागत. घर म्हणून सांगता येईल असे ठिकाणच नसलेल्या या मुलाने सतराव्या वर्षी थेट आफ्रिकेतील ऱ्होडेशिया गाठले. तेथे त्यांनी खाणीत काम केले, घोडागाड्या हाकल्या, शेती केली. उरलेले आयुष्य आपण याच मातीत काढणार, अशीच त्यांची समजूत होती.

१९१४ मध्ये पहिले महायुद्ध सुरू झाले तेव्हा ऱ्होडेशियाच्या पलटणीत बिगुलवादकाची जागा रिकामी होती. हॅरिस यांनी ती पत्करली आणि जर्मन नैऋत्य आफ्रिकेच्या वाळवंटात शेकडो मैलांची पायपीट केली. त्या पायपिटीने त्यांना एवढे विटवले की, यापुढचे युद्ध बसूनच लढायचे असे त्यांनी ठरवले. १९१५ मध्ये इंग्लंडला परतून ते हवाई पथकात दाखल झाले. रात्रीच्या अंधारात झेपेलिन या जर्मन हवाई जहाजांचा माग काढणे, फ्रान्सच्या आघाडीवर लढाऊ विमान चालवणे अशी कामे त्यांनी केली. खाली खंदकांच्या चिखलात लाखो तरुणांचा चाललेला संहार त्यांनी वरून पाहिला. तो संहार पुन्हा होऊ द्यायचा नसेल तर शत्रूला त्याच्या घरातच, आकाशातून मोडले पाहिजे, हे मत त्या वर्षांत तयार झाले आणि पुढे कधीही बदलले नाही.

महायुद्धानंतर १९२१ मध्ये त्यांची नेमणूक हिंदुस्थानच्या वायव्य सरहद्दीवर, ३१ व्या स्क्वाड्रनच्या प्रमुखपदी झाली. विमाने जीर्ण, सुटे भाग मिळण्याची मारामार, आणि काम टोळीवाल्यांवर बॉम्ब टाकण्याचे. पुढच्याच वर्षी ते इराकमध्ये गेले. तेथे सैनिकांची ने-आण करणाऱ्या व्हर्नन विमानांच्या नाकाला भोक पाडून त्यांनी बॉम्ब टाकण्याची सोय करून घेतली. बंडखोर गावांना पायदळ न धाडता हवेतूनच वठणीवर आणण्याचे हे तंत्र साम्राज्याला स्वस्त पडत असे. गावकऱ्यांना ते काय पडत होते, याची नोंद कोणी ठेवली नाही. रॉबर्ट सॉण्डबी आणि राल्फ कॉक्रेन हे तेथील त्यांचे दोन सहकारी. वीस वर्षांनी जर्मनीवरील मोहिमेत एक त्यांचा उजवा हात झाला आणि दुसरा एका महत्त्वाच्या ग्रुपचा प्रमुख. जर्मन शहरांच्या वाट्याला जे आले त्याची रंगीत तालीम इराकच्या मातीच्या घरांवर झाली होती, असे म्हटले तर ते फारसे चुकीचे ठरू नये.

२२ फेब्रुवारी १९४२ रोजी हॅरिस यांनी बॉम्बर कमांडची सूत्रे हाती घेतली, तेव्हा या दलाची अब्रू धुळीला मिळाली होती. आदल्या वर्षी झालेल्या छायाचित्रांच्या तपासणीत उघड झाले होते, की लक्ष्यावर बॉम्ब टाकल्याचे सांगणाऱ्या विमानांपैकी जेमतेम एकतृतीयांश विमाने लक्ष्याच्या पाच मैलांच्या आत पोहोचत होती. रात्रीच्या अंधारात कारखाना सापडत नव्हता. सापडत होते ते शहर. मग शहरच लक्ष्य करावे, असा निर्णय झाला. तसा आदेश १४ फेब्रुवारी १९४२ चा, म्हणजे हॅरिस यांच्या नेमणुकीच्या आठवडाभर आधीचा आहे. कामगार वस्त्या उद्ध्वस्त करून शत्रूचे मनोधैर्य खचवायचे, हे धोरण चर्चिल यांच्या सरकारचे आणि पोर्टल यांचे होते. हॅरिस यांनी ते जन्माला घातले नाही. मात्र ते राबवताना त्यांना जो उत्साह चढला, तो कोणत्याही आदेशात लिहिलेला नव्हता.

लाकडी घरांच्या दाटीवाटीचे ल्युबेक हे जुने बंदर मार्चच्या अखेरीस जळाले. मग हॅरिस यांनी एक जुगार मांडला. एकाच रात्री, एकाच शहरावर, हजार विमाने! त्यांच्या हाताशी लढण्यायोग्य विमाने चारशेच्या आसपास होती. तेव्हा प्रशिक्षण केंद्रांतली विमाने, शिक्षक आणि शिकाऊ उमेदवारही त्यांनी कामाला लावले. हा डाव फसला असता तर ब्रिटनचे उद्याचे हवाई दलच संपले असते. ३० मे १९४२ च्या रात्री १,०४७ विमाने कोलोनकडे झेपावली. दीड तासात शहराचा मोठा भाग पेटला, सुमारे ४५ हजार लोक बेघर झाले, पावणेपाचशेच्या आसपास माणसे मेली. ४१ विमाने परतली नाहीत. ब्रिटनमध्ये जल्लोष झाला आणि काही दिवसांतच हॅरिस ‘सर’ झाले.

पुढच्या वर्षीच्या जुलैमध्ये हॅम्बुर्गची पाळी आली. हवेत सोडलेल्या चंदेरी पट्ट्यांच्या पावसाने जर्मन रडार आंधळे केले. २७ जुलैच्या रात्री कोरड्या, उष्ण हवेत लहान-मोठ्या आगी एकमेकींत मिसळून ज्वाळांचे वादळ उठले. तळघरांत आसरा घेतलेली माणसे हवेअभावी गुदमरली, रस्त्यावर पळालेली वितळत्या डांबरात अडकली. त्या आठवड्यात सुमारे ३७ हजार लोक मरण पावले, तर दहा लाखांच्या आसपास लोक शहर सोडून गेले. अशी आणखी सहा शहरे गेली तर युद्धसामग्रीचे उत्पादन थांबेल, असा इशारा मंत्री आल्बर्ट श्पेअर यांनी हिटलरला दिला. पण हॅम्बुर्गसारखे प्रत्येक वेळी घडत नाही, हे हॅरिस यांना लवकरच कळायचे होते.

बर्लिन उद्ध्वस्त केले तर चारपाचशे विमाने गमवावी लागतील, पण जर्मनी युद्ध गमावेल, असे त्यांनी नोव्हेंबर १९४३ मध्ये चर्चिल यांना कळवले. विमाने तेवढी गेलीच. बर्लिन मात्र उभे राहिले. विस्तीर्ण रस्त्यांचे ते शहर हॅम्बुर्गसारखे पेटले नाही. ३० मार्च १९४४ च्या रात्री न्यूरेंबर्गवर गेलेल्या ७९५ विमानांपैकी ९५ विमाने चांदण्यात टिपली गेली. बॉम्बर कमांडच्या इतिहासातील ती सर्वांत काळी रात्र होय.

या विमानांत कोण होते? ब्रिटनबरोबरच कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, पोलंड येथून आलेली, विशी-बाविशीची, स्वेच्छेने भरती झालेली मुले. तीस मोहिमा पूर्ण झाल्या की विश्रांती मिळे. बहुतेकांचा हिशेब त्याआधीच संपे. नकार देणाऱ्याच्या कागदपत्रांवर मनोबलाच्या अभावाचा शिक्का बसे. सुमारे सव्वा लाख जणांपैकी ५५,५७३ जण मृत्युमुखी पडले. हॅरिस विमानतळांवर क्वचितच जात; हाय विकम्ब येथील मुख्यालयातून ते रोज सकाळी त्या रात्रीचे लक्ष्य निश्चित करीत. तरीही ही मुले त्यांच्यावर विश्वास ठेवून उडत राहिली, हे न उलगडणारे कोडे आहे. विमाने, दारूगोळा, पदके यांसाठी वरिष्ठांशी भांडणारा आपला माणूस, ही त्यांची प्रतिमा कदाचित त्यामागे असावी.

घरी आलेल्या पाहुण्यांना ते जर्मन शहरांच्या अवशेषांची छायाचित्रे आवर्जून दाखवीत. भरधाव बेंटली मोटार अडवून, असे चालवाल तर एखाद्याचा जीव घ्याल, असे बजावणाऱ्या पोलिसाला त्यांनी आपण तर रोज रात्री हजारोंचे जीव घेतो असे सुनावल्याची आख्यायिका प्रसिद्ध आहे.

१९४४ च्या अखेरीस तेलाच्या कारखान्यांवर भर द्यावा, असा पोर्टल यांचा आग्रह होता. हॅरिस तो मानायला तयार नव्हते. त्यांनी राजीनामा देऊ केला, पोर्टल यांनी तो घेतला नाही. तेलाबाबत पोर्टल बरोबर होते, हे युद्धानंतर स्पष्ट झाले. १३ फेब्रुवारी १९४५ च्या रात्री सुमारे आठशे ब्रिटिश विमानांनी दोन लाटांत निर्वासितांनी भरलेल्या ड्रेस्डेनवर हल्ला केला. दुसऱ्या दिवशी अमेरिकी विमाने आली. नाझी प्रचाराने मृतांचा आकडा दोन लाखांवर नेला होता. इतिहासकारांच्या आयोगाने २०१० मध्ये तो कमाल २५ हजारांपर्यंत निश्चित केला. पूर्वेकडील शहरांवर हल्ले व्हावेत, असा आग्रह खुद्द चर्चिल यांनी जानेवारीत धरला होता. त्याच चर्चिल यांनी २८ मार्च रोजी केवळ दहशतीसाठी चाललेल्या अशा बॉम्बवर्षावाचा फेरविचार करावा, अशी टिपणी लिहिली. हवाई दलाने हरकत घेताच ती मागे घेऊन सौम्य केली गेली. पण वारा कोणत्या दिशेला वाहू लागला होता, हे त्यावरून कळून चुकले.

विजयानंतर राष्ट्राला उद्देशून केलेल्या भाषणात पंतप्रधानांनी बॉम्बर कमांडच्या मोहिमेचा जवळपास उल्लेखच टाळला. या दलासाठी स्वतंत्र मोहीम-पदक नाकारण्यात आले. हॅरिस यांचा संताप स्वतःपेक्षा आपल्या माणसांसाठी अधिक होता. उमरावपद न स्वीकारता ते दक्षिण आफ्रिकेत गेले आणि जहाज कंपनीचा कारभार पाहू लागले. चर्चिल पुन्हा सत्तेवर आल्यावर, १९५३ मध्ये त्यांनी बॅरोनेट हा किताब मात्र स्वीकारला. ५ एप्रिल १९८४ रोजी, वयाच्या ९१ व्या वर्षी, इंग्लंडमधील गोरिंग येथे त्यांचे निधन झाले. जर्मन शहरांबद्दल पश्चात्तापाचा एक शब्दही त्यांनी कधी उच्चारला नाही.

३१ मे १९९२ रोजी, कोलोनवरील हल्ल्याला पन्नास वर्षे झाली तेव्हा, लंडनमध्ये राजमातेच्या हस्ते त्यांच्या पुतळ्याचे अनावरण झाले. गर्दीतून निषेधाच्या घोषणा उठल्या, जर्मनीतूनही नाराजी व्यक्त झाली आणि पुढे पुतळ्यावर लाल रंगही फेकला गेला. त्यांच्या वैमानिकांचे स्मारक लंडनच्या ग्रीन पार्कमध्ये उभे राहण्यास २०१२ साल उजाडावे लागले. त्यावर बॉम्बवर्षावात मेलेल्या सर्व देशांच्या नागरिकांचेही स्मरण केलेले आहे. हॅरिस ज्यासाठी झगडले ते पदक वैमानिकांना मिळाले नाहीच. २०१३ मध्ये जुन्या पदकाच्या फितीवर लावण्यासाठी धातूची एक छोटी पट्टी तेवढी देण्यात आली. तोवर हयात असलेले बहुतेक वैमानिक नव्वदीला टेकले होते.