नामदेव जाधव (सैनिक)

नामदेव जाधव (जन्म : निमज, तालुका संगमनेर, १८ नोव्हेंबर १९२१, मृत्यू : २ ऑगस्ट १९८४) हे दुसऱ्या महायुद्धातील मराठा सैनिक आणि व्हिक्टोरिया क्रॉस या सन्मानाचे मानकरी होते. इटलीतील सेनिओ नदीच्या काठी ९ एप्रिल १९४५ रोजी सायंकाळी त्यांनी गाजवलेल्या पराक्रमाबद्दल हा सन्मान त्यांना देण्यात आला. शत्रूसमोरील शौर्यासाठी ब्रिटिश व हिंदी सैन्यात याहून मोठे पदक नव्हते. त्या वेळी ते २३ वर्षांचे होते आणि त्यांचा हुद्दा साध्या शिपायाचा होता.

पलटण

नाशिक-पुणे मार्गावरील संगमनेरच्या परिसरातील निमज हे जाधव यांचे गाव, तत्कालीन अहमदनगर जिल्ह्यातले. ते पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या पहिल्या पलटणीत होते. जंगी पलटण या नावाने ओळखली जाणारी ही पलटण आठव्या हिंदी डिव्हिजनमध्ये होती आणि ही डिव्हिजन सप्टेंबर १९४३ मध्ये इटलीच्या दक्षिण टोकाला तारान्तो येथे उतरली. तेथून उत्तरेकडे सरकताना वाटेत एकामागून एक नद्या लागत गेल्या आणि प्रत्येक नदीच्या पैलतीरी जर्मन सैन्य मोर्चे बांधून बसलेले असे. १९४४ चा हिवाळा येता येता आघाडी थंडावली. त्यानंतरची मोठी चढाई १९४५ च्या वसंतात ठरली व तिचा पहिला अडसर होता सेनिओ.

सेनिओचे बांध

नकाशावर सेनिओ क्षुल्लक दिसते. जेथे हा प्रसंग घडला, त्या सान पोलितोच्या उत्तरेकडील भागात तिचे पात्र सुमारे १५ फूट रुंद आणि पाणी ४ ते ५ फूट खोल होते. आपल्याकडील एखाद्या पाटाएवढाच हा प्रवाह. अडचण होती ती दोन्ही काठांवरील पूरबांधांची. सपाट प्रदेशात पुराचे पाणी शेतात पसरू नये म्हणून घातलेले हे बांध ३० ते ३५ फूट उंच आणि उभ्या चढाचे होते. जर्मनांनी ते आतून पोखरून त्यांत भुयारे व मोर्चे केले होते. पूर्वेकडचा बांध हल्लेखोरांच्या बाजूचा. पण त्याच्या नदीकडील उतारावरही जर्मन मोर्चे होते, शिवाय सुरुंगांचा पट्टा होता. त्यामुळे बांध ओलांडून नदीत उतरलेल्या माणसावर पाठीमागून गोळी येऊ शकत होती. पुढचा सारा प्रसंग कळण्यासाठी ही रचना ध्यानात ठेवणे आवश्यक आहे.

९ एप्रिल १९४५

त्या दिवशी दुपारी विमानांनी जर्मन ठाण्यांवर प्रचंड बाँबफेक केली, पाठोपाठ तोफांचा भडिमार झाला आणि सायंकाळी पायदळ पुढे सरले. एका मराठा कंपनीने पूर्व बांधावर चढाई करायची आणि तीन मिनिटांनी दुसऱ्या कंपनीने तिच्यातून पुढे जाऊन पश्चिम बांध गाठायचा, अशी योजना होती. जाधव कंपनीचे निरोप्ये, लष्करी भाषेत रनर, होते. अधिकाऱ्याचे हुकूम तुकड्यांकडे धावत पोहोचवणे हे त्यांचे नेमून दिलेले काम.

आघाडीच्या तुकडीमागोमाग कंपनीच्या मुख्य ठाण्याची माणसे नदी पार करून पश्चिम काठावर चढू लागली, तोच मागच्या बांधाच्या आतील उतारावरून किमान तीन मोर्च्यांनी त्यांच्यावर मारा सुरू केला. कंपनीचा अधिकारी आणि दोन जवान जखमी झाले; जाधव वगळता बाकीचे सारे ठार झाले.

जाधव यांनी प्रथम जखमींना हलवले. एकाला उचलून ते खोल पाण्यातून परत आले, उभा चढ चढून सुरुंगांच्या पट्ट्यातून त्याला सुरक्षित जागी पोहोचवले आणि दुसऱ्यासाठी पुन्हा त्याच वाटेने गेले. दोन्ही खेपांना उखळी तोफा आणि मशीनगनचा मारा चालूच होता. येथे थांबले असते तरी त्यांनी आपल्या कर्तव्याहून पुष्कळ अधिक केले असे म्हणता आले असते. परंतु ते मोर्चे शाबूत असेपर्यंत दोन्ही कंपन्यांना हालचाल करणे अशक्य होते.

तिसऱ्यांदा बांध ओलांडून ते सर्वांत जवळच्या मोर्च्यावर धावून गेले व टॉमी गनने तो थंड केला. हाताला गोळी लागल्यामुळे त्यांना बंदूक चालवता येईना, तेव्हा ती टाकून देऊन त्यांनी हातबाँब घेतले आणि आणखी दोन मोर्चे पाठोपाठ नष्ट केले. मध्यंतरी बाँब संपले असता ते सरपटत बांधाच्या माथ्यावर गेले आणि पलीकडच्या उतारावरील साथीदारांकडून नवे बाँब घेऊन परतले. पूर्व बांधावरील मशीनगन गप्प झाल्यावर ते माथ्यावर उघड्यावर उभे राहिले आणि उखळी तोफांचे गोळे पडत असताना मराठ्यांची युद्धघोषणा देत, हात हलवून उरलेल्या जवानांना नदीपार बोलावू लागले.

त्याच संध्याकाळी याच नदीवर, याच डिव्हिजनमधील फ्रंटियर फोर्स रायफल्सचे शिपाई अली हैदर यांनीही व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला.

पुढील घटना

दोन्ही काठ हाती आल्याने पलटणीला पैलतीरी पाय रोवता आले. लवकरच आठव्या सैन्याने सान्तेर्नो नदीही पार केली. २१ एप्रिलला बोलोन्या शहर पडले आणि २ मे रोजी इटलीतील जर्मन सैन्याची शरणागती अमलात आली. म्हणजे सेनिओवरील त्या संध्याकाळनंतर ही आघाडी पुरता महिनाभरही चालली नाही. त्या वेळी हे कोणास ठाऊक असणार?

जाधव यांच्या सन्मानाची घोषणा जून १९४५ मध्ये झाली. पुढे ते हवालदार झाले. दुसऱ्या महायुद्धात मराठा लाइट इन्फन्ट्रीला दोन व्हिक्टोरिया क्रॉस मिळाले व दोन्ही इटलीतच. पहिला रायगड जिल्ह्यातील माणगाव तालुक्याचे नाईक यशवंत घाडगे यांचा. १० जुलै १९४४ रोजी शत्रूच्या मोर्च्यावर एकट्याने चालून जाताना त्यांना वीरमरण आले होते. जाधव मात्र युद्धातून परत आले आणि त्या संध्याकाळनंतर ३९ वर्षे जगले.