बांबूउडीचा गुरू : कॉर्नेलियस वॉर्मरडॅम

गणपती जवळ आले की आपल्या मंडळाच्या पटांगणात मंडपाचे बांबू येऊन पडतात. आमच्या लहानपणी मंडपवाला डोळ्याआड झाला की आम्ही त्यातलाच एखादा उचलून शेजारच्या नालीवरून उड्या मारत असू. त्या उडीला जगाच्या मैदानावर मोठा मान आहे, हे तेव्हा ठाऊक नव्हते. त्याच बांबूवर इतिहास घडवणाऱ्या आणि नंतर तेहतीस वर्षे कॉलेजातल्या मुलांना शिकवणाऱ्या एका माणसाची ही ओळख.

कॉर्नेलियस वॉर्मरडॅम यांचा जन्म २२ जून १९१५ रोजी अमेरिकेतील कॅलिफोर्नियात झाला. घराणे मूळचे हॉलंडचे, म्हणून सगळे त्यांना 'डच' म्हणत. वडिलांची शेती हॅनफर्ड गावाजवळ होती. शाळा संपल्यावर हा मुलगा शेतावर राबत असे आणि फावल्या वेळात पालकाच्या वाफ्यात बांबूउडीचा सराव करत असे. असे सांगतात की, एकदा ट्रॅक्टर विकणारा एक माणूस तिथे आला, त्याने ही उडी पाहिली आणि फ्रेस्नो स्टेट कॉलेजच्या प्रशिक्षकांच्या कानावर घातली. तिथून डच कॉलेजात आले.

त्या काळची बांबूउडी आजच्यासारखी नव्हती. आजचा फायबरचा पोल धनुष्यासारखा वाकतो आणि खेळाडूला वर फेकतो. बांबू तसा वाकत नाही. वेगाने धावत यायचे, बांबू रोवायचा आणि पुढचे सारे काम खांद्यांनी आणि मनगटांनी करायचे. खाली पडायला गादी नाही, वाळू किंवा भुसा. ज्यांनी मल्लखांबावर अंग मोडून घेतले आहे, त्यांना यातली मेहनत वेगळी सांगायला नको.

पंधरा फूट म्हणजे ४.५७ मीटर. १९३७ साली विश्वविक्रम ४.५४ मीटरपर्यंत पोहोचला होता, पण पंधरा फुटांची रेघ कोणालाच ओलांडता येत नव्हती. १३ एप्रिल १९४० रोजी बर्कली येथे वॉर्मरडॅम यांनी ती ओलांडली. तेव्हा ते शाळेत शिक्षक होते. पुढच्या चार वर्षांत त्यांनी ही उंची त्रेचाळीस वेळा पार केली आणि तेवढ्या काळात जगात दुसऱ्या कोणालाही ती एकदाही जमली नाही. २३ मे १९४२ रोजी मोडेस्टो येथे त्यांनी ४.७७ मीटरची उडी मारली. पुढच्या वर्षी शिकागोत, छताखालच्या स्पर्धेत, ४.७९ मीटर. मैदानावरचा त्यांचा विक्रम १९५७ पर्यंत, म्हणजे पंधरा वर्षे टिकला. आणि तो मोडला तेव्हा मोडणाऱ्याच्या हातात बांबू नव्हता, धातूचा पोल होता.

एवढा मोठा खेळाडू, पण ऑलिंपिकचे पदक नाही. पदक सोडा, ऑलिंपिकच नाही. ऐन भरात असताना दुसरे महायुद्ध पेटले. १९४० चे ऑलिंपिक रद्द, १९४४ चे रद्द. स्वतः वॉर्मरडॅम नौदलात गेले. १९४८ साली लंडनला स्पर्धा झाल्या तोवर ते पगारी प्रशिक्षक झाले होते आणि त्या काळच्या हौशीपणाच्या नियमात असा माणूस बसत नसे. लंडनला सुवर्णपदक मिळाले ४.३० मीटरला. १९५२, १९५६ आणि १९६० च्या विजेत्यांपैकीही कोणी त्यांच्या १९४२ च्या उंचीला पोहोचले नाही.

दुसरा कोणी असता तर आयुष्यभर नशिबाला बोल लावत बसला असता. वॉर्मरडॅम १९४७ साली आपल्याच फ्रेस्नो स्टेटमध्ये परतले आणि १९८० मध्ये निवृत्त होईपर्यंत तिथे मुले घडवत राहिले. १९६४ साली कॉलेजच्या संघाने आपल्या गटाचे राष्ट्रीय अजिंक्यपदही मिळवले. याच वर्षांत खेळ पार बदलला. बांबू गेला, धातू आला, मग फायबर आला. ज्या पोलवर स्वतः कधी विक्रम केला नाही, त्या पोलच्या जमान्यातली मुले त्यांना शिकवायची होती. आपले जुने कसब बाजूला ठेवून नवे समजून घेणे, हे मला त्यांच्या विक्रमाइतकेच अवघड वाटते. १३ नोव्हेंबर २००१ रोजी, वयाच्या शहाऐंशीव्या वर्षी ते गेले. कॉलेजच्या मैदानाला आज त्यांचे नाव आहे.

मी हे का लिहिले, ते सांगतो. माझी मुलगी मल्लखांब करते. आपल्या मध्य प्रदेशाचा तो राज्य खेळ. कोरोनाच्या दोन वर्षांत स्पर्धाच झाल्या नाहीत आणि ती वयोगटाच्या बाहेर गेली. घरात बरेच दिवस कोणी त्यावर बोलत नव्हते. समजूत घालायची ती कोणत्या शब्दांत, हे मला कळत नव्हते. मग एके दिवशी तिला ही गोष्ट सांगितली. ती काही बोलली नाही. पण त्यानंतरच्या रविवारपासून ती मंडळाच्या लहान मुलांना खांबावर चढायला शिकवू लागली.

यंदा उत्सवात त्या मुलांची प्रात्यक्षिके आहेत. अवश्य या.

गणपती बाप्पा मोरया!