जॉर्ज नेपिया

जॉर्ज नेपिया (२५ एप्रिल १९०५ – २७ ऑगस्ट १९८६) हे न्यूझीलंडचे माओरी रग्बीपटू होते. १९२४–२५ च्या परदेश दौऱ्यात एकही सामना न गमावल्यामुळे 'अजिंक्य' म्हणून ओळखल्या गेलेल्या न्यूझीलंड संघाचे ते फुलबॅक, म्हणजे बचावातील अखेरचे खेळाडू होते. त्यांची उंची सुमारे ५ फूट ९ इंच (१७५ सेंमी) व वजन सुमारे ८३ किलो होते. रग्बीत उंचीचे महत्त्व खेळाडूच्या जागेनुसार कसे बदलते, हे त्यांच्या कारकिर्दीतून स्पष्ट होते.

== पूर्वायुष्य ==
नेपियांचा जन्म न्यूझीलंडच्या उत्तर बेटावरील वैरोआ परिसरात झाला. हेस्टिंग्जजवळील माओरी कृषी महाविद्यालयात त्यांचे शिक्षण झाले. हॉक्स बे प्रांताच्या बलाढ्य संघात ते प्रथम पिछाडीच्या इतर जागांवर खेळत. १९२४ मध्ये निवडकर्त्यांनी त्यांना फुलबॅक म्हणून आजमावले आणि वयाच्या १९ व्या वर्षी ते दौऱ्यावर गेले.

== उंची आणि खेळ ==
चेंडू मैदानाच्या बाजूने दोन रांगांच्या मध्ये फेकला जातो, तेव्हा (लाइन-आउटमध्ये) उंच खेळाडूचा लाभ उघड असतो. त्या काळी सहकाऱ्याला उचलून धरण्याची मुभा नसल्याने स्वतःची उंची व उडी यांवरच सारे अवलंबून असे. फुलबॅकचे काम मात्र निराळे होते. उंच उडालेला चेंडू नेमका कोठे पडेल हे आधी ओळखून तेथे पोहोचणे, यात हातांच्या लांबीपेक्षा अंदाजाला अधिक मोल होते.

त्याहून कठीण प्रसंग जमिनीलगतचा असे. प्रतिस्पर्धी आघाडीचे खेळाडू चेंडू पायाने ढकलीत घोळक्याने धावून येत. फुलबॅकला त्यांच्या पायांपुढे वाकून चेंडू उचलावा लागे किंवा त्यावर झेप घ्यावी लागे. येथे उंच शरीर गैरसोयीचेच ठरे. नेपियांचे आखूड, जाड मांड्यांचे शरीर वाकलेल्या स्थितीतही तोल राखी. खालून धरून पाडण्यातही त्यांना त्याचा उपयोग झाला. त्यांच्या लांब पल्ल्याच्या किकची जोड या बचावाला होती. केवळ ठेंगणेपणाने हे साधले नसते, हेही खरे. वजन, वेग आणि धैर्य यांशिवाय ती शरीरयष्टी निरुपयोगी ठरली असती.

ब्रिटन, आयर्लंड व फ्रान्समधील सर्व ३० सामने नेपिया खेळले. संघातील इतरांना आलटून-पालटून विश्रांती मिळत असताना सर्वांत धोक्याच्या जागी एकच तरुण उभा होता. या काळात आयर्लंड (६–०), वेल्स (१९–०), इंग्लंड (१७–११) व फ्रान्स (३०–६) हे राष्ट्रीय संघ पराभूत झाले. स्कॉटलंडशी सामना झाला नाही.

== वगळणूक आणि उत्तरायुष्य ==
१९२८ च्या दक्षिण आफ्रिका दौऱ्यासाठी माओरी खेळाडूंचा विचारच करण्यात आला नाही. त्यामुळे देशाचा सर्वोत्तम फुलबॅक घरी राहिला आणि चार कसोटींची मालिका २–२ अशी बरोबरीत सुटली. उंची, वजन, कौशल्य यांपैकी कशातही नेपिया कमी पडले नव्हते. आड आला तो वंश.

१९३० मध्ये ब्रिटिश संघाविरुद्धच्या चारही कसोटी ते खेळले. त्यांच्या एकूण कसोटी नऊच भरतात. जागतिक मंदीच्या काळात कुटुंब व शेती सांभाळणे कठीण झाले. १९३५ च्या ब्रिटन दौऱ्यासाठी निवड न झाल्यावर त्यांनी इंग्लंडमध्ये व्यावसायिक रग्बी लीग पत्करली. तेव्हाच्या हौशी रग्बी युनियनच्या नियमांनुसार हा गुन्हाच होता. पुढे बंदी उठल्यावर १९४७ मध्ये, चाळिशी उलटलेली असताना, ते ईस्ट कोस्ट प्रांताकडून पुन्हा मैदानात उतरले.

१९५० मध्ये एका प्रथम दर्जाच्या सामन्यात ते एका संघाचे कर्णधार होते, तर प्रतिस्पर्धी पॉव्हर्टी बे संघाचा कर्णधार त्यांचा मुलगा जॉर्ज होता. त्यानंतर नेपियांनी पंच म्हणूनही काम केले. त्यांचे आत्मचरित्र १९६३ मध्ये प्रसिद्ध झाले. रुआटोरिया येथे त्यांचे निधन झाले.