प्याद्याचा वजीर आणि बऱ्हाणपूरचा खानखाना

सर्वांत बलवान बुद्धिबळपटू कोणाला म्हणावे? अधिक डाव जिंकणाऱ्याला, की हातचा जाऊ लागलेला डाव सावरणाऱ्याला? हा वाद न मिटणारा आहे. पटावरील एका सोंगटीवरून माणसाची पारख करणाऱ्या अब्दुर्रहीम खानखानाचे आयुष्य या वादात साक्षीला घेण्यासारखे आहे.

अकबराचा पालक बैरामखान याचा हा पुत्र १५५६ मध्ये लाहोर येथे जन्मला. १५६१ मध्ये गुजरातेतील पाटण येथे बैरामखानाची हत्या झाली, तेव्हा तो अवघा चार वर्षांचा होता. अकबराने त्याला दरबारी वाढविले. १५८४ मध्ये सरखेजच्या लढाईत त्याने आपल्याहून मोठ्या सैन्याचा पराभव केला आणि वडिलांचाच खानखाना हा किताब मिळविला. १५८९ मध्ये त्याने बाबराच्या आत्मचरित्राचा तुर्कीतून फारसीत केलेला अनुवाद बादशहाला सादर केला.

लोकांच्या ओठी राहिले ते मात्र त्याचे हिंदी दोहे. जुन्या शतरंजात वजीर, म्हणजे फर्जी, तिरपे एकच घर चाले. सरळ चालणारे प्यादे पटाच्या टोकाला पोहोचले की त्याचा वजीर होई आणि तेही तिरपे चालू लागे. क्षुद्र माणूस मोठेपणा मिळताच असाच वाकडा चालतो, असे रहीमने एका दोह्यात सुचविले.

दख्खनच्या मोहिमांचे ठाणे असलेल्या बऱ्हाणपुरात त्याची अनेक वर्षे गेली. तेथे त्याची गाठ पडली मलिक अंबरशी. गुलाम म्हणून विकला गेलेला हा हबशी निजामशाहीचा कर्ता वजीर झाला होता. प्याद्याचा वजीर झाला, पण तोल ढळला नाही. १६१० मध्ये मोगलांना माघार घ्यावी लागली आणि रहीमला परत बोलावण्यात आले. पुढे तो पुन्हा दख्खनेत आला. १६१६ मध्ये त्याचा पुत्र शाहनवाजखान याने जालन्याजवळ रोशनगाव येथे अंबरला हरविले. तरीही अंबर पुन्हा उभा राहिला आणि १६२० च्या सुमारास त्याच्या फौजा बऱ्हाणपूरच्या वेशीवर येऊन थडकल्या.

वृद्धपणी रहीमची स्वतःची चाल चुकली. जहांगीर आणि बंडखोर शाहजहान यांच्या संघर्षात तो आधी पुत्राकडे, मग पित्याकडे वळला. १६२५ मध्ये त्याचा मुलगा दाराबखान मारला गेला. जहांगीरने किताब परत दिला. गेलेला मुलगा परत येणार नव्हता. १६२७ मध्ये रहीमने दिल्लीत देह ठेवला.

दोह्यातले शहाणपण ऐन कसोटीत त्याच्या कामी आले नाही, आणि रणांगणात अंबरला कायमचे नमविणेही त्याला साधले नाही. त्याच्या कारकिर्दीत, १६१५ च्या सुमारास, बऱ्हाणपुरात कुंडी भंडारा उभा राहिला. सातपुड्याच्या पायथ्याचे पाणी जमिनीखालच्या बोगद्यातून, केवळ उताराच्या बळावर, शहराकडे आणणारी ही शंभरावर कुंड्यांची योजना. किताब, मोहिमा आणि वैर सारे सरले. ते पाणी आजही वाहते आहे.