संन्यासी डॉक्टर लूका

व्हॅलेंटिन व्हॉयनो-यासेनेत्स्की हे नाव उच्चारताना आमची जीभ अडखळली, म्हणून आम्ही त्यांना त्यांच्या संन्यासानंतरच्या नावाने, लूका म्हणूनच ओळखू. त्यांचा जन्म १८७७ साली क्रिमियातील केर्च येथे झाला. कीव्हला डॉक्टर होऊन त्यांनी बरीच वर्षे खेडोपाडी शस्त्रक्रिया केल्या. १९१७ साली ते ताश्कंदला आले. (लालबहादूर शास्त्रींचे १९६६ साली जेथे निधन झाले तेच हे ताश्कंद.) दोन वर्षांनी पत्नी क्षयाने गेली. पदरी चार मुले!

सोव्हिएत सरकार तेव्हा चर्च बंद करत होते, धर्मगुरूंना तुरुंगात टाकत होते. नेमके त्याच वेळी, १९२१ साली, डॉक्टर ऑर्थोडॉक्स पंथाचे धर्मगुरू झाले. लांब झगा आणि गळ्यात क्रूस अशा वेषातच ते रुग्णालयात जात. १९२३ साली त्यांनी संन्यास घेतला, ते बिशप झाले आणि काही दिवसांतच त्यांना अटक झाली.

इथे आमच्यात वाद झाला. आईविना मुलांना असे सोडून जावे का? आमचे एकमत झाले नाही. त्या मुलांना डॉक्टरांच्या हाताखालच्या एका परिचारिकेने वाढवले. आम्हाला ती बाईही थोर वाटते.

सैबेरियात तुरुखान्स्कला ते रोग्यांना आशीर्वाद देत. म्हणून अधिकाऱ्यांनी त्यांना आणखी उत्तरेला, बर्फात पाठवले. मग शस्त्रक्रियेवाचून एक शेतकरी दगावला, लोक खवळले आणि डॉक्टरांना परत आणावे लागले.

१९३० साली पुन्हा अटक झाली. १९३४ साली पू झालेल्या जखमांच्या शस्त्रक्रियेवरचे त्यांचे पुस्तक निघाले. पेनिसिलिन हाती येण्यापूर्वी अशा जखमेने माणूस मरत असे. १९३७ साली तिसरी अटक! तेरा दिवस-रात्र झोपू न देता त्यांची चौकशी चालली. खोटा गुन्हा काही त्यांनी कबूल केला नाही.

१९४१ साली युद्ध पेटले. हद्दपार असतानाच ते क्रास्नोयार्स्कच्या लष्करी रुग्णालयाचे मुख्य शल्यविशारद झाले. १९४६ साली त्यांना स्टालिन पारितोषिक मिळाले. ज्याच्या राजवटीत तुरुंग भोगला त्याच्याच नावाचे! २,००,००० रूबलपैकी १,३०,००० त्यांनी युद्धात अनाथ झालेल्या मुलांना दिले.

तरुणपणी लोकांचे डोळे बरे करणारे हे डॉक्टर शेवटची काही वर्षे स्वतः अंध होते. तरी चर्चमधील उपासना त्यांनी सोडली नाही. ११ जून १९६१ रोजी सिम्फेरोपोल येथे ते वारले. २००० साली रशियन ऑर्थोडॉक्स चर्चने त्यांना संत म्हणून जाहीर केले.