अक्षरे मोजणारे तत्त्वज्ञ : अल-किंदी

विद्यार्थी मित्रांनो, गुप्तलेख सोडवण्याचा खेळ तुमच्यापैकी काहींनी खेळला असेल. वाक्यातील प्रत्येक अक्षराच्या जागी दुसरेच अक्षर लिहिलेले असते आणि मूळ वाक्य आपण शोधून काढायचे असते. जगभर पुष्कळांना हा छंद आहे. आज त्यांच्या मदतीला संगणकही आला आहे. अशा छंदिष्टांसाठी केलेली काही साधने सगळे कोडे सोडवून हातात देत नाहीत. कोणते अक्षर किती वेळा आले याचा तक्ता ती क्षणात मांडतात, तुम्ही एका अक्षराचा अंदाज केला की तो लेखात सर्वत्र भरून दाखवतात, आणि अंदाज चुकला तर पुसून टाकतात. डोके मात्र तुम्हालाच चालवावे लागते.

या तक्त्याची कल्पना प्रथम कोणी लिहून ठेवली, हे तुम्हाला ठाऊक आहे काय? त्यासाठी आपल्याला अकराशे वर्षांहून अधिक मागे, बगदाद शहरात जावे लागेल.

अबू यूसुफ याकूब इब्ने इसहाक अल-किंदी यांचा जन्म इ. स. ८०१ च्या सुमारास इराकमध्ये झाला. घराणे किंदा या प्रतिष्ठित अरब कबिल्यातले आणि वडील कूफा शहराचे सुभेदार. ऐषारामात दिवस घालवणे त्यांना सहज शक्य होते. परंतु त्यांनी इल्मची वाट धरली आणि ते बगदादला आले. तेथे खलिफा मामून यांच्या आश्रयाने युनानी ग्रंथांचे अरबी भाषांतर जोरात चालू होते. अल-किंदी स्वतः भाषांतरकार नव्हते. भाषांतरकारांकडून काम करवून घेणे, ते तपासणे आणि त्यातील विचार आपल्या लोकांना समजेल अशा भाषेत मांडणे, हे त्यांनी केले. सत्य परक्या लोकांकडून आले तरी ते स्वीकारण्यात कमीपणा नाही, ही त्यांची धारणा होती. आपल्या हिंदुस्थानातून गेलेल्या अंकांवरही त्यांनी चार भागांचा ग्रंथ लिहिला होता. तत्त्वज्ञान, गणित, वैद्यक, संगीत, प्रकाशशास्त्र, इतकेच काय, अत्तरे कशी करावी, यावरही त्यांनी लिहिले. त्यांच्या ग्रंथांची संख्या अडीचशेच्या घरात सांगितली जाते. खलिफा मोतसिम यांनी आपल्या मुलाच्या शिक्षणाचे काम त्यांच्यावर सोपवले होते.

या ग्रंथांतच गुप्तलेख उकलण्यावरची एक छोटी पुस्तिका आहे. तिच्यातील युक्ती ऐकायला अगदी साधी वाटते. गुप्तलेख ज्या भाषेत आहे, त्या भाषेतला एखादा साधा आणि पुरेसा लांब मजकूर घ्यावा. त्यातले प्रत्येक अक्षर किती वेळा येते ते मोजावे. मग गुप्तलेखातील चिन्हे मोजावीत. जे चिन्ह सर्वांत जास्त वेळा येते, ते बहुधा त्या भाषेतले सर्वांत जास्त वापरले जाणारे अक्षर असते. त्याखालचे त्याखालच्याशी, असे ताडून पाहत जावे. अल-किंदी यांनी नुसता नियम सांगितला नाही, त्यांनी स्वतः मोजणी केली. ३६६७ अक्षरांच्या अरबी मजकुरात अलिफ ६०० वेळा, लाम ४३७ वेळा आणि मीम ३२० वेळा आले. म्हणजे दर सहा अक्षरांत जवळजवळ एक अलिफच!

लेख फार लहान असेल तर मोजणी फसू शकते, हेही त्यांना माहीत होते. म्हणून कोणती अक्षरे शेजारी येतात, कोणती कधीच येत नाहीत, पत्राच्या आरंभी कोणते शब्द लिहिण्याची रीत आहे, हे पाहण्यास त्यांनी सांगितले. युरोपात अशी माहिती लिहिली गेली ती पंधराव्या शतकात, म्हणजे सुमारे सहाशे वर्षांनी.

अशा माणसाच्या वाट्याला सुखच आले असे मात्र समजू नका. खलिफा मुतवक्किल यांच्या कारकिर्दीत दिवस फिरले. बनू मूसा या नावाने प्रसिद्ध असलेले विद्वान बंधू त्यांचा मत्सर करीत. त्यांनी खलिफांचे कान भरले. अल-किंदी यांना मार खावा लागला आणि त्यांचा सारा ग्रंथसंग्रह काढून घेण्यात आला. आयुष्यभराची कमाई गेली.

जुने चरित्रकार पुढची हकिगत अशी सांगतात. बनू मूसांच्या देखरेखीखाली खोदलेल्या एका कालव्याची पातळी चुकली. खलिफांचा कोप होणार हे दिसताच ते सनद इब्ने अली या विद्वानाकडे धावले. सनद आणि अल-किंदी यांचे मुळीच पटत नसे. तरीही सनद यांनी अट घातली की, आधी अल-किंदी यांचे ग्रंथ परत करा, मगच मी तुम्हाला मदत करीन. ग्रंथ परत आले. वैर असले तरी न्याय सोडू नये, असे वागणारी माणसे त्या काळीही होती.

इ. स. ८७३ च्या सुमारास बगदादमध्ये अल-किंदी यांचे निधन झाले. त्यांचे पुष्कळ ग्रंथ पुढे नष्ट झाले. गुप्तलेखांवरील पुस्तिकेची एक हस्तलिखित प्रत मात्र इस्तंबूलच्या सुलेमानिया ग्रंथालयात टिकून राहिली. दमास्कसच्या संशोधकांनी ती १९८७ मध्ये छापून प्रसिद्ध केली, तेव्हा कोठे या विद्येचा आरंभ कोणी केला हे जगाला नीट कळले. ती एक प्रत कोणी जपली नसती, तर हे श्रेय कायमचे हरवले असते.

पालक बंधुभगिनींनो, आपल्या मुलांना संगणक अवश्य द्या. परंतु त्यातला तक्ता कसा तयार होतो, हे त्यांना एकदा हाताने करू द्या. आणि मित्रांनो, तुम्ही आज एक काम करा. मराठीच्या पाठ्यपुस्तकातले एक पान घ्या. त्यातली प्रत्येक व्यंजने मोजा, काना, मात्रा, वेलांट्या वेगळ्या मोजा आणि आकडे वहीत मांडा. मग मित्राला त्याच भाषेत एक गुप्तलेख लिहायला सांगा आणि तो उकलून पाहा. पहिला अंदाज चुकेल, दुसराही चुकेल. तिसऱ्या किंवा चौथ्या वेळी एक शब्द डोळ्यांसमोर उभा राहील. त्याला कागद, पेन्सिल आणि धीर लागतो. सुभेदाराच्या घरी जन्म घ्यावा लागत नाही. संगणकाने मोजण्याचे श्रम वाचवले आहेत. मोजल्यावर विचार करण्याचे काम अल-किंदी यांच्या वेळी माणसाचे होते, आणि तुम्ही मनावर घेतलेत तर ते पुढेही तुमचेच राहील.